कुटुंबाच्या आजारांची नोंद: विशी-तिशीतल्यांसाठी मार्गदर्शक

नव्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा गेल्यावर जे प्रश्न विचारले जातात, त्यांत "घरात कुणाला काही आजार?" हा प्रश्न हमखास असतो आणि बहुतेक तरुण माणसे "विशेष काही नाही" असे सांगून मोकळी होतात. हे उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. त्याला माहीतच नसते. लहानपणी हा प्रश्न आईला किंवा वडिलांना विचारला जात असे आणि उत्तरही तेच देत. पुढे शिक्षण, नोकरी, वेगळे घर असे टप्पे येतात, माणूस दवाखान्यात एकटा जाऊ लागतो, फाईल त्याच्या हातात येते, पण घरातल्या आजारांची माहिती मात्र वडीलधाऱ्यांच्या आठवणीतच राहते. ती तिथून काढून स्वतःच्या कागदावर कशी आणावी, कुणाला काय विचारावे आणि मिळालेल्या उत्तरांचे पुढे काय करावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे.

हे काम विशीतच करावे, असे मी आग्रहाने म्हणतो. आजी-आजोबांना त्यांच्या आईवडिलांचे आणि भावंडांचे आजार आठवत असतात. ती पिढी गेली की ही माहिती कोणत्याही रुग्णालयाच्या दफ्तरात सापडत नाही. शिवाय गर्भनिरोधक गोळ्या सुरू करणे, मूल होऊ देणे, पहिली मोठी शस्त्रक्रिया, जोरकस खेळ यांसारखे ज्यांत घराण्यातल्या आजारांचा विचार करावा लागतो असे बरेचसे निर्णय याच वयात घेतले जातात. आणि काही आजार तर या वयात शरीरात असतात, पण कसलाही त्रास देत नाहीत. रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल जन्मापासूनच वाढलेले असण्याचा एक आनुवंशिक विकार सुमारे २५० माणसांमागे एकाला असतो. आईवडिलांपैकी एकाला तो असेल तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. तो साध्या रक्ततपासणीत लक्षात येतो आणि औषधांनी आटोक्यात राहतो, पण ती तपासणी पंचविसाव्या वर्षी करून घ्यावी असे कुणाला सुचणार, तर ज्याला आपल्या काकांना चाळिशीत हृदयविकाराचा झटका आला होता हे माहीत आहे त्यालाच.

पहिली पायरी: कुणाकुणाची माहिती घ्यायची

सुरुवात आई, वडील आणि सख्ख्या भावंडांपासून करावी. स्वतःला मुले असतील तर तीही याच गटात येतात. या प्रत्येकाशी आपली सरासरी निम्मी जनुके सारखी असतात. त्यानंतरच्या गटात दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी आणि सावत्र भावंडांपैकी ज्यांच्याशी एका पालकाचे रक्ताचे नाते आहे ती येतात. त्यांच्याशी सुमारे पाव हिस्सा सारखा असतो. चुलत, आते, मामे आणि मावस भावंडांशी तो साधारण आठवा हिस्सा उरतो. पहिले दोन गट पूर्ण करावेत आणि भावंडांच्या तिसऱ्या गटाची जेवढी माहिती सहज मिळेल तेवढी घ्यावी.

नोंद करताना नुसते "आजी" किंवा "आजोबा" न लिहिता "आईकडची आजी", "वडिलांकडचे आजोबा" असे लिहावे, कारण पुढे सगळा अर्थ लावताना कोणती बाजू हे फार महत्त्वाचे ठरते. काका-मामांच्या पत्नी आणि आत्या-मावश्यांचे पती रक्ताच्या नात्यात येत नाहीत, त्यामुळे त्यांचे आजार तुमच्या नोंदीत नकोत. मात्र आईवडील किंवा आजी-आजोबा लग्नाआधीपासून एकमेकांच्या नात्यात असतील तर ते अवश्य लिहावे, कारण दोघांकडून एकच सदोष जनुक मुलात येण्याची शक्यता अशा वेळी वाढते. जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलेली भावंडे, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे आणि वारंवार झालेले गर्भपात यांचीही जागा याच कागदावर आहे. घरात त्यांच्याविषयी सहसा बोलले जात नाही आणि म्हणूनच ती नोंदीतून गळतात.

दुसरी पायरी: आजारापेक्षा वय महत्त्वाचे

प्रत्येक व्यक्तीबद्दल आजार कोणता, तो कोणत्या वयात सुरू झाला, व्यक्ती हयात नसल्यास कोणत्या वयात आणि कशाने गेली, आणि तंबाखू, धूम्रपान, मद्यपान अशी सवय होती का, एवढे विचारावे. यांपैकी एकच गोष्ट विचारण्याइतका वेळ मिळणार असेल तर आजार सुरू झाल्याचे वय विचारावे.

"वडिलांना हृदयविकार आहे" हे वाक्य डॉक्टरांना फारसे काही सांगत नाही. वडिलांना पहिला त्रास ७८ व्या वर्षी झाला असेल तर तो वाढत्या वयाचा भाग मानता येतो. ४६ व्या वर्षी झाला असेल तर मुलाच्या तपासण्यांचे वेळापत्रकच बदलते. वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार झाला असेल, तर त्याला अकाली हृदयविकाराचा कौटुंबिक इतिहास मानले जाते आणि कोलेस्टेरॉल, रक्तदाब यांच्याकडे डॉक्टर अधिक काटेकोरपणे पाहतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत तर या आकड्याचा थेट हिशेबच होतो: आईवडील किंवा भावंडांपैकी एखाद्याला तो साठीच्या आत झाला असेल, तर प्रचलित वैद्यकीय मार्गदर्शनानुसार दुर्बिणीची तपासणी ४० व्या वर्षी किंवा त्या नातेवाईकाच्या निदानाच्या वयापेक्षा १० वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा सुरू करतात. वडिलांना ४४ व्या वर्षी निदान झाले असेल तर मुलीची तपासणी ३४ व्या वर्षी येते. वय लिहून ठेवले नसेल, तर हा हिशेब करताच येत नाही.

इथे एक गफलत नेहमी होते. लोकांना मृत्यूचे वय पक्के आठवते आणि आजार सुरू झाल्याचे वय आठवत नाही, म्हणून "६८ व्या वर्षी किडनीच्या आजाराने गेले" अशी नोंद होते. प्रत्यक्षात तो आजार चाळिशीतच लक्षात आलेला असतो आणि मधली वर्षे औषधांवर, शेवटची डायलिसिसवर गेलेली असतात. म्हणून "कधी गेले" याच्या आधी "पहिल्यांदा कधी कळले" हे विचारावे.

तिसरी पायरी: विचारणे

बहुतेक कुटुंबांत एक व्यक्ती अशी असते की जिला सगळ्यांची दुखणी, शस्त्रक्रिया आणि औषधे पाठ असतात, कारण दवाखान्यात सोबतीला तीच जात आलेली असते. ही व्यक्ती बहुधा एखादी आत्या, मावशी किंवा थोरली काकू असते. सुरुवात तिच्यापासून करावी. सगळे जमलेले असताना जाहीरपणे विषय काढण्यापेक्षा एकेकाशी निवांत बोलणे कधीही चांगले, कारण चारचौघांत माणसे आजार लपवतात किंवा एकमेकांचे म्हणणे खोडत बसतात. बोलण्याच्या सुरुवातीलाच हेतू सांगावा: "डॉक्टरांनी घरातल्या आजारांची माहिती विचारली आहे, मला ती नीट द्यायची आहे." स्वतःच्या तब्येतीसाठी मदत मागितली की वडीलधारी माणसे सहसा हात आखडता घेत नाहीत, त्यांच्या आजाराची चौकशी चालली आहे असे वाटले तर मात्र ती मिटून जातात.

वर्षे कुणालाच आठवत नाहीत, घरातले प्रसंग आठवतात. म्हणून वयाचा प्रश्न प्रसंगाला जोडून विचारावा. समजा, एक भाचा आपल्या आत्याशी बोलतो आहे:

"आत्या, आजोबा कशाने गेले?"

"हार्ट फेलने. बसल्या बसल्या गेले."

"तेव्हा तुझं लग्न झालं होतं का?"

"नाही रे, मी कॉलेजात होते."

"म्हणजे ते पन्नाशीचे असतील?"

"पन्नाशीही नव्हती. आधी दोनदा छातीत दुखलं होतं, पण पित्त आहे म्हणून अंगावर काढलं. त्यांचे धाकटे भाऊही असेच गेले, जवळपास त्याच वयात."

पहिल्या उत्तरावर थांबले असते तर कागदावर फक्त "आजोबा, हार्ट फेल" एवढेच आले असते. आणखी दोन साधे प्रश्न विचारल्यावर कळते की आजोबा पन्नाशीच्या आत गेले, आधी छातीत दुखण्याच्या खुणा होत्या आणि त्यांच्या सख्ख्या भावाचेही तसेच झाले. डॉक्टरांच्या दृष्टीने या दोन नोंदींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून प्रत्येक उत्तरानंतर "आधी काही त्रास होता का?" आणि "असे आणखी कुणाला झाले होते का?" हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी.

ऐकीव माहितीला कागदाचा आधार मिळाला तर उत्तमच. जुन्या डिस्चार्ज समरी, बायोप्सीचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, मृत्यूचे वैद्यकीय प्रमाणपत्र हे घरातल्या कपाटात वर्षानुवर्षे पडून असते. त्यांचे फोटो काढून ठेवावेत, विशेषतः कर्करोगाच्या बायोप्सीचे, कारण गाठ नेमकी कोणत्या अवयवाची आणि कोणत्या प्रकारची होती हे त्यातच लिहिलेले असते.

चौथी पायरी: घरातल्या शब्दांमागचा आजार ओळखणे

माझ्या मते सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घरात आजारांना जी नावे असतात ती वैद्यकीय नावांशी जुळतातच असे नाही आणि कधी कधी एकाच नावाखाली तीन-चार वेगळे आजार दडलेले असतात.

"हार्ट फेल" हे बोलण्यात कोणत्याही अचानक मृत्यूला म्हटले जाते. वैद्यकीय अर्थाने मात्र ती हृदयाची पंप करण्याची ताकद कमी होत जाण्याची अवस्था असते आणि तिच्यात बऱ्याचदा महिनोन्महिने धाप लागते, पायांवर सूज येते. म्हणून शेवटचे काही महिने कसे गेले ते विचारावे. "झटका आला" हे आणखी संदिग्ध आहे: झटका हृदयविकाराचा असतो, अर्धांगवायूचा असतो आणि फिट्सचाही असतो. एका बाजूचा हात-पाय लुळा पडला होता का, बोलणे अडखळत होते का, तोंडाला फेस आला होता का, एवढे विचारले की बराच उलगडा होतो.

"शुगर होती" म्हटल्यावर ती कोणत्या वयात लागली आणि सुरुवातीपासून इन्सुलिनच घ्यावे लागले की बरीच वर्षे गोळ्यांवर भागले, हे विचारावे. लहानपणी किंवा ऐन तारुण्यात अचानक सुरू झालेला आणि पहिल्यापासून इन्सुलिनवर असलेला मधुमेह बहुधा टाईप १ असतो. प्रौढ वयात हळूहळू लागलेला टाईप २ असतो आणि कुटुंबात पिढ्यान् पिढ्या दिसतो तो जास्त करून हाच. आई-वडील दोघांनाही टाईप २ मधुमेह असेल तर अपत्याचा धोका, एकालाच असण्याच्या तुलनेत बराच वाढतो. आईला किंवा बहिणीला फक्त गरोदरपणात साखर वाढल्याचे सांगितले गेले असेल, तर तेही लिहावे. ती बाळंतपणानंतर गेली म्हणून दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही.

"पोटाचा कॅन्सर" या शब्दांखाली जठर, मोठे आतडे, यकृत, स्वादुपिंड, गर्भाशय आणि बीजांडकोश यांपैकी काहीही असू शकते. आजीच्या "पोटाच्या कॅन्सर"चा मूळ अवयव बीजांडकोश होता असे कळले, तर नातीच्या दृष्टीने त्याचा अर्थ पूर्णपणे बदलतो. यकृताच्या, हाडांच्या किंवा मेंदूच्या कर्करोगाविषयीही "तो तिथेच सुरू झाला की दुसरीकडून पसरला?" हे विचारावे, कारण नोंदीला मूळ जागा लागते. तसेच "पिशवी काढली" एवढ्यावर समाधान मानू नये. ती रक्तस्रावामुळे काढली, साध्या गाठींमुळे की कर्करोगामुळे, हे कळायला हवे.

"किडन्या गेल्या" हे मधुमेह किंवा रक्तदाब यांमुळे झाले असेल किंवा मूत्रपिंडात पाण्याच्या असंख्य गाठी होण्याच्या आनुवंशिक विकारामुळे. हा विकार पालकापैकी एकाला असेल तर अपत्यात येण्याची शक्यता ५० टक्के असते आणि सोनोग्राफीत तो दिसतो. "डोळे गेले" असे म्हटले जाते तेव्हा मोतीबिंदू की काचबिंदू हे विचारावे. मोतीबिंदू बहुतेकांना वयानुसार होतो आणि शस्त्रक्रियेने दृष्टी परत येते. काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही, सुरुवातीला तो जाणवतही नाही आणि आई, वडील किंवा भावंडाला तो असेल तर आपला धोका स्पष्टपणे वाढलेला असतो.

पाचवी पायरी: जे कुणी आपणहून सांगत नाही

काही माहिती विचारल्याशिवाय बाहेर येत नाही, कारण घरच्यांना तो आजारच वाटत नाही किंवा त्याविषयी संकोच असतो.

यात पहिल्या क्रमांकावर मी भुलीचा प्रश्न ठेवतो. १९६० साली मेलबर्नमध्ये पायाचे हाड मोडलेला २१ वर्षांचा एक तरुण रुग्णालयात आला. त्याला पायापेक्षा भुलीची जास्त धास्ती वाटत होती, कारण त्याच्या घराण्यातील १० नातेवाईक ईथरच्या भुलीखाली दगावले होते आणि हे त्याने डॉक्टरांना सांगितले. त्याला ईथरऐवजी हॅलोथेन हे तेव्हाचे नवे औषध सावधपणे दिले गेले, तरीही थोड्याच वेळात त्याचा रक्तदाब कोसळला, अंग तापले आणि शरीर निळसर पडू लागले. डॉक्टर सावध असल्यामुळे भूल ताबडतोब थांबवण्यात आली, त्याला बर्फाने थंड करण्यात आले आणि तो वाचला. या तरुणाच्या सांगण्यावरूनच मायकेल डेनबरो या डॉक्टरांनी एका आनुवंशिक विकाराची ओळख वैद्यकविश्वाला करून दिली. या विकारात भुलीची काही विशिष्ट औषधे मिळाल्यावर स्नायूंमध्ये प्रचंड उष्णता निर्माण होते. आज त्यावर डँट्रोलीन हे औषध आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे धोका आधीच माहीत असेल तर भूलतज्ज्ञ ती औषधे टाळून दुसरी वापरू शकतात. अशी माणसे एरवी पूर्ण निरोगी दिसतात, त्यामुळे "ऑपरेशनच्या टेबलावर कुणाला काही झाले होते का? भूल उतरायला फार वेळ लागला होता का?" हे विचारल्याशिवाय कळण्याचा मार्ग नाही.

दुसरा प्रश्न तरुण वयातील अचानक मृत्यूंचा. खेळताना कोसळलेला मामेभाऊ, चांगले पोहता येत असूनही बुडालेले काका, रात्री झोपेतच गेलेली तिशीतली मावशी, यांची नोंद कुटुंबात अपघात किंवा नशीब अशीच झालेली असते. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक विकार सुमारे ५०० जणांमागे एकात आढळतो आणि हृदयाच्या विद्युत लयीचेही असे काही विकार आहेत की ज्यांत धावताना किंवा पोहताना ठोके अचानक बिघडतात. अशी घटना घरात असेल आणि स्वतःला व्यायाम करताना चक्कर येत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर खेळ थांबवून आधी हृदयतज्ज्ञांना भेटावे. यात दिरंगाई नको.

पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी कुणाला झाली होती का, हे मुलींनी खास विचारावे. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो आणि घरात तसा इतिहास असेल तर डॉक्टर दुसरे साधन सुचवू शकतात. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर थॅलेसेमिया किंवा सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक विकारांविषयी, तसेच "कुणाला वारंवार रक्त चढवावे लागत होते का" हे विचारावे. वाहक म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेली व्यक्ती. तिला स्वतःला सहसा काही त्रास नसतो, पण दोघेही जोडीदार एकाच विकाराचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे आधी कळले तर वेळेवर सल्ला घेता येतो.

मानसिक आजारांविषयी विचारणे सगळ्यात अवघड जाते. "डोक्यावर परिणाम झाला होता" असे एक वाक्य कुजबुजत सांगितले जाते आणि विषय संपतो. नैराश्य, द्विध्रुवी विकार, स्किझोफ्रेनिया, व्यसनाधीनता आणि आत्महत्या यांविषयी विचारताना निदानाचे नाव मिळाले नाही तरी चालेल. लक्षणे काय होती, कोणत्या वयात सुरू झाली, औषधे चालू होती का आणि कशाने बरे वाटले, एवढे पुरते. एका नातेवाईकाला लागू पडलेल्या औषधाचे नाव माहीत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. या विषयावरून तरुण मनात फार भीती बसते, म्हणून एक आकडा मुद्दाम देतो: आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण १० टक्के असते, म्हणजे अशा दहांपैकी नऊ मुलांना तो होत नाही.

सहावी पायरी: कागदावर मांडणी

डॉक्टर वापरतात तीच वंशावळीची पद्धत घरीही सहज जमते. पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढावे. आजी-आजोबा वरच्या ओळीत, आईवडील आणि त्यांची भावंडे मधल्या ओळीत, तुम्ही आणि तुमची भावंडे खालच्या ओळीत. जोडप्यांना आडव्या रेघेने जोडावे, जोडपे एकमेकांच्या नात्यातले असेल तर ती रेघ दुहेरी काढावी. हयात नसलेल्या व्यक्तीच्या चिन्हावर तिरकी रेघ मारावी, आजार असलेल्याचे चिन्ह भरून टाकावे आणि त्याखाली आजाराचे नाव व वय लिहावे. स्वतःच्या चिन्हाकडे बाण दाखवावा. जे माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवावे. तिथे "नाही" असे लिहू नये, कारण माहिती नसणे आणि आजार नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सातवी पायरी: कागद वाचणे

पूर्ण झालेल्या कागदावर जवळपास प्रत्येकाला काही ना काही आजार दिसतीलच. म्हातारपणी एखाद्या आजोबांना झालेला कर्करोग किंवा आजीचा सत्तरीतला रक्तदाब यांवरून घाबरून जाऊ नये. लक्ष द्यायचे ते नेहमीपेक्षा कमी वयात झालेल्या आजाराकडे, एकाच बाजूच्या दोन किंवा अधिक नातेवाईकांना झालेल्या एकाच आजाराकडे, एका व्यक्तीला झालेल्या दोन वेगवेगळ्या कर्करोगांकडे, दोन्ही स्तनांत किंवा दोन्ही मूत्रपिंडांत झालेल्या गाठींकडे, पुरुषाला झालेल्या स्तनाच्या कर्करोगाकडे, आणि कसलीही वाईट सवय नसताना लवकर झालेल्या हृदयविकाराकडे.

कधी कधी नावे वेगळी असलेले आजारही एकाच कारणाचे असतात. १८९५ साली अमेरिकेतील ऑल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरांना त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितले होते की आमच्या घरात सगळे आतड्याच्या, जठराच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, तशीच मीही लवकर जाईन. पुढे त्या खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेल्या. वॉर्थिन यांनी त्या कुटुंबाचा अभ्यास करून १९१३ साली प्रसिद्ध केला आणि आज त्या विकाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. आतडे आणि गर्भाशय हे वरवर पाहता असंबद्ध अवयव, पण दोन्हींच्या मुळाशी एकच सदोष जनुक असू शकते. म्हणून कागद वाचताना एकेका नावाकडे न पाहता एकेक बाजू सलग पाहावी.

वडिलांची बाजू याच कारणाने वगळू नये. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाशी संबंधित असलेले बीआरसीए १ आणि बीआरसीए २ या जनुकांतील दोष वडिलांकडूनही तितक्याच सहजपणे येतात. वडील स्वतः ठणठणीत असतात, त्यांना बहीण नसते, आणि त्यांच्या आईला तरुणपणी झालेला स्तनाचा कर्करोग नातीच्या नोंदीतून सुटून जातो. ज्या स्त्रीत हा दोष आलेला असतो, तिला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ६० टक्क्यांहून अधिक असते आणि तिच्यासाठी लवकर सुरू करायच्या तपासण्या व इतर उपाय उपलब्ध आहेत.

उलट, कागद कोरा दिसला म्हणून निर्धास्त होणेही योग्य नाही. कुटुंब लहान असेल, नातेवाईक अपघातात किंवा साथीत लवकर गेले असतील, तर आनुवंशिक आजार दिसायला संधीच मिळालेली नसते. थॅलेसेमियासारखे विकार पिढ्यान् पिढ्या वाहकांतून गुपचूप पुढे सरकतात, आणि काही जनुकीय बदल तर एखाद्या व्यक्तीत नव्यानेच झालेले असतात.

आठवी पायरी: डॉक्टरांसमोर मांडणे

भेटीचा वेळ थोडा असतो, म्हणून कागदाबरोबर दोन-तीन ओळींचा सारांश तयार ठेवावा. उदाहरणार्थ: "वडिलांकडचे आजोबा ४८ व्या वर्षी आणि त्यांचे सख्खे भाऊ त्याच सुमारास हृदयविकाराने गेले. वडिलांना ५१ व्या वर्षी स्टेंट बसवला. मी २६ वर्षांचा आहे आणि माझे कोलेस्टेरॉल कधीच तपासलेले नाही." त्यानंतर सरळ विचारावे: यामुळे माझी कोणती तपासणी लवकर सुरू करायची, किती वर्षांनी करायची आणि सवयींत काय बदल करायचा? बहुतेकांच्या बाबतीत उत्तर साधे असते. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांची तपासणी लवकर व नियमित करणे, तंबाखूपासून दूर राहणे, वजन आणि व्यायामाकडे लक्ष देणे. घराण्यातून फक्त जनुकेच येत नाहीत, खाण्यापिण्याच्या आणि बसण्या-उठण्याच्या सवयीही येतात, आणि त्या बदलणे आपल्या हातात असते.

थोड्यांना जनुकीय समुपदेशकाकडे पाठवले जाते. तिथे जाण्याआधी एवढे माहीत असावे की जनुकीय चाचणी शक्यतो आधी आजार झालेल्या नातेवाईकाची करतात, कारण त्याच्यात नेमका दोष सापडला तरच निरोगी नातेवाईकांच्या अहवालाचा अर्थ नीट लावता येतो. काही वेळा "अर्थ अनिश्चित असलेला बदल" असा निष्कर्ष येतो. त्याच्या आधारावर कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नसतो. घरी लाळेचा नमुना घेऊन पाठवायच्या ज्या चाचण्या मिळतात, त्यांपैकी अनेक एखाद्या जनुकातील मोजकेच बदल तपासतात, त्यामुळे त्यांच्या "दोष नाही" या उत्तरावर विसंबून समुपदेशन टाळू नये.

माहिती मिळतच नसेल तर

दत्तक गेलेल्यांना, दात्याच्या बीजापासून जन्मलेल्यांना, किंवा एका पालकाशी संबंध तुटलेल्यांना हा कागद अर्धा किंवा पूर्ण कोरा राहील. त्यांनी डॉक्टरांना "माझा कौटुंबिक इतिहास उपलब्ध नाही" असे स्पष्ट शब्दांत सांगावे. "काही नाही" असे सांगू नये. दत्तक संस्थेकडे किंवा उपचार केंद्राकडे आरोग्यविषयक नोंद असू शकते, ती मागून पाहावी. तीही नसेल तर वयानुसार सुचवलेल्या नेहमीच्या तपासण्या न चुकता कराव्यात आणि स्वतःपासून नोंद सुरू करावी.

गुप्तता आणि पुढची देखभाल

या कागदावर इतरांची खासगी माहिती आहे, याचे भान सतत ठेवावे. ज्या काकूने तुम्हाला विश्वासाने काही सांगितले, ते कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाता कामा नये. भावंडांना प्रत देण्याआधी ज्यांची माहिती आहे त्यांना विचारावे, आणि एखाद्याने नकार दिला तर नाव न घालता "वडिलांच्या बाजूला एक नातेवाईक, ४० च्या आत, मोठ्या आतड्याचा कर्करोग" एवढे लिहिले तरी वैद्यकीय काम भागते. विम्याच्या अर्जावर कौटुंबिक आजार विचारले असतील तर माहीत असलेले खरे तेच लिहावे. चुकीच्या माहितीमुळे पुढे दावा अडू शकतो.

कागद एकदा करून ठेवून दिला की तो जुना होऊ लागतो. घरात नवे निदान, शस्त्रक्रिया किंवा मृत्यू झाला की आजाराचे नाव, वय आणि बाजू त्याच आठवड्यात लिहून ठेवावी. गरोदरपणाआधी, कोणत्याही शस्त्रक्रियेआधी आणि डॉक्टर बदलताना तो पुन्हा वाचावा. प्रत्येक नोंदीपुढे ती कुणाकडून आणि कधी मिळाली हेही बारीक अक्षरांत लिहून ठेवावे, म्हणजे पुढे दोन नातेवाईकांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर पुन्हा कुणाला विचारायचे ते कळते.